कोपीत खुर्ची नको

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आम्ही रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करतो. आत दगडांचे पांडव मांडून पूजा होते. आमच्या घरी ती थोरल्या बाईनं जमिनीवर बसून करायची. सासूनंतर मीच करत आले. यंदा लेक म्हणाला, "आई, कोपीत खुर्ची ठेवू. न्हायतर तुझी सून करंल पूजा."

"मी मेल्यावर करू दे."

गुडघे झिजलेत हे मला ठाऊक होतं. गोळ्यांनी पोटात आग पडायची, म्हणून इंजेक्शनची चौकशी केली. धाकट्या जावेनं जेलचं, गुडघ्यात वंगणासारखं सोडतात ते, घेतलं होतं. "अक्का, पैसं पाण्यात गेलं," ती म्हणाली. पण ह्याच बाईनं सुई घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी सोयाबीनमध्ये उकिडवं बसून दिवसभर खुरपलं होतं. शिव्या मात्र जेलला. शेजारच्या चाचीनं स्टेरॉइडचं घेतलं. ती म्हणाली, "आठवड्यात चालाय लागले, पर शुगर चढली." तिसरं म्हणजे आपलंच रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून गुडघ्यात सोडायचं. लेकाच्या मोबाईलवर त्याचीच लई जाहिरात.

धाराशिवला डॉक्टरांना मी सरळ विचारलं, "मला खाली बसायचंय. कुठलं देता?"

"आजी, झिजलेलं कुठल्यानंच भरून येत नाही. स्टेरॉइडनं दुखणं लवकर उतरतं, पण काही आठवडेच, आणि सारखं घेता येत नाही. जेल महाग, कुणाला लागू पडतं, कुणाला नाही. रक्ताचं त्याहून महाग, आणि त्याची खात्री मी देणार नाही. काहीही घ्या, मांडीचा व्यायाम सुटत नाही. आणि खाली बसू नका."

"शेवटचं सोडून सगळं ऐकते," मी म्हटलं. मला शुगर नव्हती आणि मला आठवडेच हवे होते. अमावस्या तोंडावर आली तेव्हा स्टेरॉइडचं घेतलं. दोन दिवस खुरप्याला हात लावला नाही. व्यायाम रोज केला, कंटाळा आला तरी.

लेकानं रानात खुर्ची आणलीच. मी तिच्यावर ताकातल्या अंबिलीनं भरलेली बिंदगी ठेवली आणि कोपीची लाकडी मेढ धरून खाली बसले, पाय लांब करून. पूजा केली. उठताना जावेनं हात पुढं केला.

"सर बाजूला."

पुन्हा मेढ धरली. गुडघा कुरकुरला, वेळ लागला. बाहेर सगळे पत्रावळ्या घेऊन ताटकळले होते. ताटकळू दे. अंबील गारच प्यायची असते.