हॉस्टेलच्या दारातला भाकरतुकडा

आज शेजारच्या शांताक्कांनी नवी म्हैस आणली. दारात तिच्या खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हैस मात्र आल्या वाटेकडंच बघत होती. मला माझी सुमन आठवली.

तालुक्याच्या कॉलेजातून नाव काढून घेऊन ती शहरातल्या सरकारी विद्यापीठात गेली, तेव्हा मी सोडायला गेले होते. एवढाल्या इमारती, पण दारात "ये बाई" म्हणणारं कुणी नाही. सुमन पेटी धरून तशीच उभी.

"आई, मला नाही जमायचं इथं. परत जाऊ या."

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. हात मात्र लाजले नाहीत. शिदोरीतली भाकरी मोडली आणि हॉस्टेलच्या दारातच तिच्यावरून ओवाळली.

"आई, लोक बघतायत गं!"

बघतच होते. जिन्यावरून पोरी उतरल्या. आता हसणार, असं वाटलं. तर एक म्हणाली, "काकू, आम्हाला कुणी ओवाळलंच नाही. आमच्यावरूनपण टाका ना!"

मी खाली मान घालून तुकडे मोडत राहिले. तेवढ्यात सुमन पेटी आत ठेवून आली आणि पोरींवर ओरडली, "ए, रांगेत या गं! आईकडं एकच भाकरी उरलीय."

शांताक्कांच्या म्हशीनं आत्ता वैरणीला तोंड लावलं.