सात नंबरवर जळणारा नवरा

बायको दुसऱ्या कुणात रमली म्हणून नवरा जळतो, यात नवल नाही. पण लिफ्टवाला ज्याच्यावर जळत होता तो होता काचेच्या टाकीत वाढवलेला सैनिक, तोही कागदावरचा. आणि कहर म्हणजे त्या सैनिकाच्या तोंडून बोलायचा तो खुद्द लिफ्टवालाच!

दर शनिवारी संध्याकाळी सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि मागच्या खोलीत, टांगलेल्या टायरांखाली, खेळ मांडला जायचा. दुकानाचा मालक खेळ चालवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. गोष्ट मास्तरांनी सांगायची, बाकीच्यांनी एकेका कागदावर नोंदवलेली त्यातली माणसं व्हायचं, आणि जगणं-मरणं फाशांवर सोडायचं. गोष्ट भविष्यातल्या एका युद्धाची. त्या युद्धातले सैनिक आईच्या पोटी जन्मत नसत. एकाच माणसाच्या पेशी घेऊन, त्यांच्या गुणसूत्रांत हवे ते फेरफार करून, टाक्यांमध्ये तुकडीच्या तुकडी वाढवली जाई. सगळ्यांचा चेहरा एक, आवाज एक, ताकद बैलाची आणि झोप मांजराची. नावं नाहीत, फक्त नंबर. एखादा क्लोन मेला तर टाकीतून पुढचा काढायचा. चेहरा तोच, पण आठवण कोरी. मास्तरांच्या या नियमाला अपवाद नव्हता.

लिफ्टवाला गेली कित्येक वर्षं सात नंबर होता. एरवी हा माणूस म्हणजे घुम्या. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तारदोरांना ग्रीस लावायचं, घरी येऊन जेवायचं आणि भिंतीशी गप्पा माराव्यात तसं भिंतीकडे बघत बसायचं. सात नंबर मात्र बोलका. जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन मैलभर चालेल आणि वर त्याला हसवत नेईल. एवढे शब्द आपल्या तोंडात येतात कुठून, हे लिफ्टवाल्यालाही कळत नसे.

एक गडी गाव सोडून गेला आणि खुर्ची रिकामी झाली. "वहिनींना आण की," मास्तर लिफ्टवाल्याला म्हणाले. वहिनी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायच्या. दिवसभर तोंड उघडूनही बोलू न शकणारी माणसं, आणि संध्याकाळी तोंडच न उघडणारा नवरा, असा त्यांचा संसार. लिफ्टवाल्याला वाटलं, तासाभरात कंटाळून घरी जाईल. ती बसली. अकरा नंबर झाली, सातच्याच तुकडीतली.

"तुम्ही दोघं पहाऱ्यावर आहात," मास्तर म्हणाले. "बाहेर नुसता काळोख. काय करता?"

"सात, जागा आहेस ना रे?" बायकोने विचारलं. घरी ती अहोजाहो करायची, पण शेजारच्या टाकीतल्या सैनिकाला कसलं अहो!

"जागाच. बोल."

"टाकीत असताना पलीकडून कुणीतरी काचेवर टकटक करायचं. तो तू होतास?"

"मीच तो. तुझा चेहरा ओळखीचा वाटला."

टेबल हसलं. तुकडीचा अधिकारी झालेला चष्मेवाला तर डोळे पुसू लागला. पण सगळ्यांत जास्त हसली ती बायको, अगदी मान मागे टाकून. लिफ्टवाल्याने तिला असं हसताना बघून वर्षं लोटली होती. आधी त्याला अभिमान वाटला. मग सायकल हातात धरून घरी चालताना पोटात दुखायला लागलं.

त्यानंतर घरात सातचाच जप. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणायची, "काल सातचा खांदा दुखत होता. कुणाला बोलला नाही बिचारा."

"कागद आहे तो. कागदाला कुठला खांदा?"

लिफ्टवाल्याचा स्वतःचा खांदा पंधरा दिवस ठणकत होता. त्याची चौकशी नाही, आणि त्या टाकीतल्या कार्ट्याचा केवढा कळवळा! एकदा त्याने मनाचा हिय्या केला. ती दवाखान्यातून आल्यावर म्हणाला, "दमलीस ना? बस, चहा मी टाकतो."

तिचा चेहरा उजळला. "अगंबाई! अगदी सातसारखं बोललात!"

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चहा त्याने टाकला, पण पुढचा आठवडाभर तो मूग गिळून बसला. तक्रार तरी कुणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

मग त्याने ठरवलं. सातला मारायचा.

संधी लगेच मिळाली. शत्रूच्या जहाजातून तुकडी पळत होती. मागे फिरा, असा हुकूम चष्मेवाल्याने दिला होता आणि वाट मोकळी होती.

"सात मागे थांबतो," लिफ्टवाला म्हणाला. "दार धरून ठेवतो."

मास्तरांनी मान वर करून बघितलं. "गरज नाहीये. नीट विचार कर."

"थांबतो म्हणालो ना."

फासे पडले. तीनदा. तिसऱ्यांदा मास्तरांनी सातचा कागद हळूच उलटा ठेवला.

"मरताना तो काय म्हणतो?" बायकोने विचारलं.

सातला अशा वेळी किती सुचलं असतं! लिफ्टवाला म्हणाला, "काही नाही. गप्पच असतो."

नियमाप्रमाणे टाकीतून नवा निघाला. तोच चेहरा, तोच आवाज. बायकोने त्याला दोन प्रश्न विचारले, दोन्हींना एका शब्दात उत्तर मिळालं, आणि तिने आपले फासे डबीत ठेवून दिले.

घरी पोचल्यावर ती मोरीशी उभी राहून रडली. लिफ्टवाल्याला वाटलं होतं, काटा काढला की संपलं. पण जिवंतपणी सातला जे मिळालं नव्हतं, ते मेल्यावर मिळत होतं. तो उंबऱ्यात उभा राहून तेही बघत होता, आणि तेही त्याला सोसवत नव्हतं.

"अगं, खेळातला माणूस तो!"

"मग मारलंत का त्याला?"

"बघवत नव्हतं मला," तो ओरडलाच. "त्याच्याशी बोलतेस तशी माझ्याशी कधी बोललीस?"

"लग्नानंतर कित्येक वर्षं बोलले. उत्तर नाही आलं."

"पण तो मीच होतो ना!"

"तेच तर." तिने पदराने तोंड पुसलं. "ते मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हटलं, तिथे बोलतोय माणूस. शनिवारचे शनिवार बोलत ठेवला, तर कधीतरी घरापर्यंत येईल. निम्म्या वाटेपर्यंत आला होता. चहासुद्धा टाकला त्याने."

ती दिवा मालवून आत गेली. लिफ्टवाला अंधारात उभा राहिला. आता काहीतरी बोलायला हवं, हे त्याला समजत होतं. नेमकं काय, तेवढं समजत नव्हतं. त्या घरात ज्याला ते आलं असतं, त्याला तो संध्याकाळी आपल्या हाताने मारून आला होता.