आई शेततळ्यात उतरली

आमचं पोर्तुगालला जायचं पक्कं झालं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "तिथं देव नाय का?"

माझ्या नवऱ्याने तिला नीट बसून समजावलं. तिथे शेतांवर फळं तोडायला आपल्याकडची, पंजाबची, नेपाळची पोरं गेलेली आहेत. त्यांना हिंदीतून देवाचं वचन सांगणारं कुणी नाही. आपण जाऊन तिथे मंडळी, म्हणजे आपलं चर्च, सुरू करायची. नवरा इथल्या मंडळीचा पाळक होण्याआधी पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होता, मजुरांशी कसं बोलावं हे त्याला कुणी शिकवायला नको. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग तिकडचे बी कोणी इकडं येतील का देव सांगाया?" माझी लेक खो खो हसली. मी हसले नाही. त्या दिवसांत मला हसण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

मी निफाडकडची, शेतकऱ्याच्या घरातली. ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, पुढे स्वतःहून बाप्तिस्मा घेतला आणि माहेरचं दार बंद झालं. वडील गेल्यावर आई मात्र एक पिशवी घेऊन नाशिकला आमच्याकडे आली ती राहिलीच. येताना तिने गडावरच्या देवीची तसबीर आणली होती. ती तिने आपल्या कपाटाच्या दाराला आतून लावली. "तुमच्या घरात भितीवर नको," म्हणाली. नवऱ्याने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. आम्ही गेल्यावर ती भावाकडे परत जाणार होती. भाऊ माझ्याशी बोलत नाही, पण आईला तो जपेल, ती काळजी मला नव्हती.

काळजी वेगळीच होती. ख्रिस्ताशिवाय तारण नाही असं मी मानते. रविवारपुरतं नाही, भाजी चिरतानाही मानते. म्हणजे एकदा विमानात बसले की आई या जगात मागे राहणार आणि पुढच्या जगातही मला भेटणार नाही. परक्या मुलखातल्या परक्या पोरांसाठी घरदार मोडायचं, आणि जिने जन्म दिला ती तशीच? मी प्रभूशी तावातावाने भांडले. बॅगा भरताना भांडले, मसाला कुटताना भांडले. शेवटी उपास धरला.

आमचा उपास नुसत्या पाण्यावरचा. आईला ते काही केल्या पटेना. दुपारी तिने भगर आणि दाण्याची आमटी करून ताट माझ्यासमोर ठेवलं. "उपास हाय ना? मंग खा की."

मी ताट सरकवलं आणि अंगावर ओरडले, "तुझ्यासाठीच धरलाय उपास!"

ती घाबरली. "मला काय झालं?" म्हणाली. मग मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. तारण, नरक, बाप्तिस्मा, सगळं. जेवायला बसलेल्या माणसाला कुणी असं सांगत नाही. तिने आपला घास खाली ठेवला आणि कितीतरी वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला काय कळलं, कोण जाणे.

त्या रविवारी उपासनेच्या शेवटी आमच्याकडे नेहमी विचारतात तसं पुढून विचारलं गेलं, "ज्यांना आज येशूला स्वीकारायचं आहे त्यांनी हात वर करा." मी डोळे मिटून रडत होते. उघडून पाहते तर माझ्याबरोबर आलेल्या आईचा हात वर. बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. मंडळीतल्या बहिणींनी तिला मिठ्या मारल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. मी तर हवेतच होते.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आईंना नीट विचारलंस का?"

"तुम्ही शंकाच काढत बसा," मी म्हणाले.

बाप्तिस्म्याआधी शिकवणीचे वर्ग असतात. आई त्यांत पेंगायची. मी तिला कोपराने ढोसायची, ती दचकून "आमेन" म्हणायची आणि पुन्हा पेंगायची. मी ते पाहूनही पाहिलं नाही.

आमचे बाप्तिस्मे पाण्यात पूर्ण बुडवून होतात, मंडळीतल्या एका भावाच्या द्राक्षबागेत, त्याच्या शेततळ्यात. उन्हाळ्यात पाणी कंबरेएवढं उरतं. खालचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की दोर धरून उतरावं लागतं. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. आईने पांढरं घालायला साफ नकार दिला आणि आपल्या जांभळ्या लुगड्यातच पाण्यात उतरली. नवरा आधीच आत उभा होता. त्याने एक हात तिच्या पाठीवर ठेवला. काठावरची ढोलकी थांबली.

"आई, येशू ख्रिस्त तुमचा तारणारा आहे, असा तुमचा मनापासून विश्वास आहे का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात आया पोरांना पडद्यामागून खुणावतात तशी मी मान हलवली. ती जावयाकडे वळली.

"तुमाला खोटं कसं सांगू, पाव्हणं? देव चांगलाच आसंल तुमचा. पन मी ही रडती म्हनून आले. तिचं रडू थांबत आसंल तर बुडवा मला."

नवऱ्याचा हात तिच्या पाठीवर तसाच होता.

"अहो, बुडवा ना!" मी काठावरून किंचाळले. "बुडवा!"

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "नाही," म्हणाला. आणि तिचं कोपर धरून, एकेक पाऊल टाकत तिला दोराकडे घेऊन आला.

"जा मग तिकडे, जगाला वाचवा!" मी सगळ्या मंडळीदेखत नवऱ्यावर ओरडले. कुणीतरी घाईघाईने गाणं सुरू केलं.

तळ्याकाठच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत मी आईचं लुगडं बदलायला घेतलं. खाली चिंब, वर डोकं कोरडं ठणठणीत. ती ओल्याने कुडकुडत होती. माझ्या हातून निऱ्यासुद्धा नीट होईनात. "आई, मेल्यावर तू मला कुठेच दिसणार नाहीस गं," म्हणत मी तिच्या खांद्यावर कोसळले.

"जाती कधी तू?" तिने विचारलं.

"बुधवारी."

"मंग मेल्यावरचं काय घिऊन बसली? आता जिती हाय ना मी? बुधवारपतूर बस की जवळ."

मी तिथेच ओल्या फरशीवर तिच्याजवळ बसले. कितीतरी दिवस मी तिच्या आत्म्याबद्दलच बोलत आले होते. तिचे पाय पांढरे पडून सुरकुतले होते, ते मांडीवर घेऊन पदराने पुसत राहिले. मी जे मानते ते त्या दिवशीही मानत होते, आजही मानते. म्हणूनच तिला डोळे भरून पाहत होते, कारण माझ्या विश्वासाप्रमाणे आई मला तेवढीच मिळणार होती.