एकोणीस दिवसांचं ऊन

धरणगावजवळच्या सरकारी शेतावर हवामानाच्या नोंदी घ्यायला तोताराम लागला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. साल एकोणीसशे बारा. काम ऐकायला सोपं होतं. शेतातल्या उंचवट्यावर झडपांची एक पांढरी पेटी होती आणि तिच्यात फॅरनहाइटचे दोन तापमापक. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला पेटी उघडायची, पारा वाचायचा, वहीत लिहायचं. पेटीशेजारी दगडी चौथऱ्यावर भरीव काचेचा एक गोळा बसवलेला होता. त्याच्यामागे रोज पुठ्ठ्याची नवी पट्टी सरकवायची. ऊन गोळ्यातून जाई आणि पट्टीवर जळकी रेघ ओढी. ढग आला की रेघ तुटे. ऊन कडक असेल तर पुठ्ठा आरपार जळे, मळभ असेल तर नुसता तपकिरी डाग पडे. दिवस मावळला की पट्टी काढून तिच्या पाठीवर तारीख टाकायची. वहीत शेवटचा रकाना आभाळाचा: निरभ्र, ढगाळ, धुरकट.

"तोताराम ऊन मोजस," असं म्हणून गाव हसायचं. तो चिडत नसे. पट्ट्या सालवार बांधून ठेवायचा, पारा वाचताना श्वास रोखायचा, म्हणजे तोंडाची वाफ काचेला लागायला नको. त्याची बायको शेवंताबाई म्हणायची, देवपूजा चुकेल पण यांची पेटी चुकायची नाही.

ती चुकली एकदाच. सन अठरामध्ये.

त्या साली पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल, आणि दसऱ्याच्या सुमाराला मानमोडीच्या तापाची साथ आली. सगळ्या खानदेशात घरं रिकामी होत होती. तोताराम आधी पडला. दोन दिवसांनी त्यांची सहा वर्षांची मुलगी सुंदर पडली. तो तापात बरळत असतानाच पोर गेली. शेवंताबाईने शेजारच्या उखर्डूला हाताशी धरलं आणि तिला ओढ्याकाठी नेलं. बापाला हे तीन दिवसांनी कळलं.

विसाव्या दिवशी भिंतीला धरून तो उठला आणि काठी टेकत शेतावर गेला. गोळ्यामागे जुनीच पट्टी होती. वहीत एकोणीस घरं कोरी. महिन्याचा कागद पुण्याला पाठवायची तारीख उलटून गेली होती, आणि आदल्या वर्षी कागद दोन दिवस उशिरा गेला म्हणून त्याला ताकीद मिळालेली होती. ती भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याला त्या कोऱ्या घरांकडे बघवेना. त्यातल्याच एका घरात त्याची पोर गेली होती.

त्याने मागच्या सालांच्या वह्या काढल्या. त्यांतले आकडे एखाद्या अंशाने मागेपुढे करून एकोणीस दिवस भरले. आभाळाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द लिहिला: निरभ्र. मग घरी येऊन त्याने उदबत्ती पेटवली आणि ओसरीवर बसून कोऱ्या पट्ट्यांवर उन्हाच्या खोट्या रेघा ओढल्या. शेवंताबाई चुलीपाशी होती. तिने पाहिलं. गोळ्यामागची जुनी पट्टी त्याने घरी आणून कोपऱ्यात टाकली होती, ती मात्र तिने उचलून ठेवली.

पुढे एकोणीस वर्षं गेली. कोणी काही विचारलं नाही. गावात सरकी काढायची जिनं वाढली, कापसाच्या हंगामात धुराडी दिवसभर धूर ओकू लागली. तोतारामच्या वहीत 'धुरकट' हा शब्द पूर्वीपेक्षा जास्त वेळा येऊ लागला. त्याला स्वतःलाही ते जाणवत होतं, पण ते विचारायचं कोणाला?

मग सदतीसच्या हिवाळ्यात पुण्याहून ज्ञानचंद आला. धुळ्याच्या कापड दुकानदाराचा मुलगा, पदार्थविज्ञान शिकलेला, चष्मा लावणारा, बोलायला गोड. ऊन कमी होतंय का, हवा गढूळ होतेय का, रात्री पूर्वीसारख्या गार पडतात का, याचा तो जुन्या नोंदींवरून शोध घेत होता.

"नाना, पंचवीस वर्षं म्हणजे आभाळाच्या हिशेबात काहीच नाही," तो म्हणाला. "पण तेवढीसुद्धा सलग कोणी लिहून ठेवलेली नाहीत. तुमच्यासारखी वही मी कुठे पाहिली नाही. एक दिवस कोरा नाही!"

तोतारामने मान खाली घातली. ज्ञानचंदला वाटलं, नाना संकोचले.

त्याने टेबलावर आलेखाचा मोठा कागद पसरला. "हे बघा, सन अठराचा ऑक्टोबर. बाकी सगळ्या ठिकाणी आभाळ धुरकट लिहिलंय, ऊन घटलंय. एकट्या धरणगावला लख्ख ऊन. म्हणजे तो धूर इथवर पोहोचलाच नाही. मी यावर एक सबंध पान लिहिलंय."

तोताराम घरी आला तो ताटावर बसलाच नाही. शेवंताबाईने दोनदा विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "खरं बोललो तर माझी पंचवीस वर्षं मातीत जातील. एकोणीस दिवसांपायी नऊ हजार दिवस खोटे ठरतील."

ती तांदूळ निवडायला बसली. मग म्हणाली, "मनी पोर गयी त्या दिन आभाय दिसतच नव्हतं. बठ्ठा धूर व्हता. आन तुमी लिखं, निरभ्र." सुपातला एक खडा काढून तिने बाजूला टाकला. "मी इतलां वरीस काही बोलनू नही. आते सांगी टाका."

दुसऱ्या दिवशी दुपारी तोताराम ज्ञानचंदला घरीच घेऊन आला. ऑफिसात कारकून हिलाल होता, त्याच्यासमोर तोंड उघडेना. ओसरीवर घोंगडी टाकली आणि त्याने सगळं सांगितलं. उदबत्तीसुद्धा सांगितली. ज्ञानचंदचा चेहरा आधी उतरला, मग कठोर झाला.

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे खरे आहेत, साहेब."

"ते मी कशावरून मानायचं?"

तेवढ्यात शेवंताबाई आतून एक पत्र्याची डबी घेऊन आली. डबीत लहान मुलीचे चांदीचे वाळे होते आणि त्यांच्याखाली घडी न पडलेली पुठ्ठ्याची एक पट्टी. ती तिने ज्ञानचंदपुढे धरली. "हाई त्या दिननं ऊन शे. खरं."

ज्ञानचंदने ती उन्हात नेऊन निरखली. एकोणीस दिवस एकच पट्टी गोळ्यामागे राहिलेली. रोज सूर्य जरासा खाली सरकलेला, म्हणून रेघेचा रुंद पट्टा झालेला. आणि एवढ्या दिवसांचं ऊन खाऊनही पुठ्ठा कुठेच आरपार जळलेला नव्हता. सगळीकडे फिकट तपकिरी.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "तेव्हा आभाळ कसं होतं?"

"कसं व्हई? ओढाकाठे चिता इझेत नव्हत्या. दारेदार निमना पाला पेटाडेत, आजार जावाले. दुपारले सूर्य तांबाना पैसा सारखा दिसे. उघडा डोयाघाई त्याकडे देखाये." तिने डबीतले वाळे नीट केले. "मनी पोरनी चिता जयनी, तोबी धूर त्याम्हानच."

ज्ञानचंदने पट्टी मागितली नाही. खिशातून पातळ कागद काढला, तिच्यावर ठेवला आणि पेन्सिलीने पट्ट्याची कड उतरवून घेतली. त्याला बराच वेळ लागला. मग पट्टी त्याने स्वतःच्या हातांनी डबीत ठेवली.

पण जाताना तो म्हणाला, "नाना, मला हे लिहावं लागेल."

"लिहा," तोताराम म्हणाला.

त्याने तसं पुण्याच्या कचेरीला लिहिलं. महिन्याभरात शेताच्या साहेबांनी तोतारामला उभं करून झाडलं. नोकरी गेली नाही, पण हुकूम निघाला की यापुढे प्रत्येक नोंदीवर कारकुनाची सही लागेल. म्हणजे रोज दोन वेळा तोताराम पारा वाचणार आणि हिलाल, जो त्याच्या डोळ्यांसमोर नोकरीला लागला होता, मागे उभा राहून तोच पारा पुन्हा वाचणार. पहिले काही दिवस हिलाललाच लाज वाटे. नंतर त्याची सवय झाली.

वर्षभराने ज्ञानचंदचं पत्र आलं. धरणगावचं तापमान त्याने निबंधात घेतलं नव्हतं. पंचवीस वर्षांतला एकही आकडा नाही. अठरा सालच्या धुराविषयी मात्र एक ओळ होती, एका जतन केलेल्या पट्टीच्या आधाराने. आपलं ते जुनं पान फाडून टाकल्याचंही त्याने कळवलं होतं. तोतारामने पत्र वाचून दाखवलं. "पट्टी कोनी ठेवी, ते लिखेल शे का?" शेवंताबाईने विचारलं. नव्हतं लिहिलेलं.

खरं सांगितल्याचं त्याला समाधान मिळालं का? थोडं मिळालं असेल. पण एक वेगळीच टोचणी लागली. पूर्वी त्याला फक्त एकोणीस दिवसांची धास्ती होती. आता जुन्या वह्या उघडून बसला की कुठल्याही आकड्यावर बोट थांबे. सत्त्याण्णव की अठ्ठ्याण्णव? मी नीट वाकून पाहिलं होतं का? त्या दिवशी घाई होती का? थंडीतला पारा वर्षागणिक चढतोय असं त्याला दिसे. पण ते पाऱ्याने सांगितलं की आपल्या मनाने, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात तो चार दिवस हिवतापाने पडला. हिलाल तालुक्याला गेलेला होता. तोताराम पाचव्या दिवशी उठून आला तेव्हा चार घरं कोरी होती. हिलाल परतला, त्याने वही पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "नाना, भरी टाका ना. हवा रोज सारखीच व्हती. मी सही करस."

तोतारामने त्या चारही घरांत एकेक आडवी रेघ मारली. समोर लिहिलं: आजारी होतो, पाहिलं नाही. मग पेटी उघडली, श्वास रोखला आणि पारा वाचू लागला.