पिवळी गोळी आणि चार वाजताची ड्युटी

गेल्या मंगळवारी आमचे हे उठले ते शिंकतच. अकरा शिंका मी मोजल्या, मग नाद सोडला. झाशीत हे दरवर्षीचंच आहे... होळी झाली, आजूबाजूला गव्हाची कापणी सुरू झाली की हवेत भुसा उडतो आणि यांच्या नाकाला धार लागते.

हे रेल्वेत लोको पायलट, म्हणजे गाडी चालवतात. भुसावळहून बदली होऊन इथे आलो त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवशी दुपारी चारला पॅसेंजर घेऊन निघायचं होतं.

आता आम्हा ड्रायव्हरांच्या बायकांचा एक कायदा असतो. घरात खोकल्याचं सिरप आणायचं नाही! ड्युटीवर चढण्याआधी यांना मशीनमध्ये फुंकावं लागतं, आणि काही सिरपांत अल्कोहोल असतं. मशीन वाजलं की सज्जन माणसाच्या मागेही चौकशी लागते. म्हणून सिरपला बंदी, आणि गोळी मात्र कुठलीही चालते... हे ज्ञान मी कॉलनीतल्या नव्या सुनांना सुद्धा वाटत आलेय. शहाणी ना मी!

तर शेजारच्या भाभीजींनी त्यांच्या मिस्टरांची पिवळी गोळी आणून दिली. "रामबाण है," म्हणाल्या. त्यांचे मिस्टर ऑफिसात खुर्चीवर बसून फायली बघतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. साडेदहाला यांना गोळी दिली आणि तसलीच अख्खी स्ट्रिप आणायला मी सिव्हिल लाइन्समधल्या नेहमीच्या मेडिकलवर गेले.

तिथे काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई असतात. मी त्यांना दीदी म्हणते. सहा वर्षांत आमचं बोलणं हिंदीतच, तेही "दीदी, वो वाली देना" एवढंच. त्यांनी स्ट्रिप काढली, गोळी कोणासाठी ते विचारलं. मी म्हटलं, घरवालों के लिए... आणि तेवढ्यात यांचा फोन आला. डोकं जड झालंय, जरा पडतो म्हणाले.

मी आपली नेहमीसारखी खणखणीत आवाजात, "खुशाल झोपा हो, गाडी चारला आहे ना, दोनला उठवते. आणि सिरप नाही, गोळीच आणतेय!"

फोन ठेवला तर काउंटरवरची स्ट्रिप गायब. दीदींनी ती मागे ओढून घेतली होती. आणि मग मराठीत... हो, मराठीत... म्हणाल्या, "ताई, यजमान आगगाडी हाकतात काय?"

"तुम्हाला मराठी येतं?" मी विचारलंच. त्यांचं घराणं झाशीजवळच्या गुरसरायचं, पेशव्यांच्या काळात आलेलं मराठी, कितीतरी पिढ्यांपासून इथलंच. मुलं आता हिंदीत उत्तर देतात, पण घरात मराठी अजून आहे. अहो, सहा वर्षं मी त्यांच्यासमोर फोनवर काय काय बोलले असेन, देव जाणे!

पण त्या हसल्या नाहीत. "ही गोळी निजवते," म्हणाल्या. मग तीन वेगवेगळ्या स्ट्रिप समोर ठेवून अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत मला शिकवायला लागल्या. पिवळी ही जुनी, शिंका थांबवते पण झापड आणते. दुसरी सेटिरिझीन, तिने कमी झोप येते, पण काहींना चांगलीच येते. तिसरी फेक्सोफेनाडीन, तिने सहसा येत नाही. ती ज्यूसबरोबर नाही, पाण्याबरोबरच घ्यायची. पण गाडी चालवणाऱ्याने तीसुद्धा रेल्वेच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि पहिल्यांदा घेऊन बघायची ती सुट्टीच्या दिवशी.

मग त्यांनी हळूच विचारलं, "एखादी दिली तर नाही ना?"

"दिली... साडेदहाला."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग आज गाडी नको."

खरं सांगू? मला रागच आला. ऐन वेळी ड्युटी नाही म्हणणं म्हणजे काय खेळ आहे? ह्या कोण सांगणार? मी तसं तोंडावर बोललेही. दुसरी एखादी असती तर "आपकी मर्जी" म्हणून स्ट्रिप पिशवीत टाकून मोकळी झाली असती. दीदींनी शांतपणे एवढंच म्हटलं, फोन लावा, मी बोलते.

दोन मिनिटं बोलल्या असतील. घरात माझं एक अक्षर न ऐकणारा हा माणूस त्यांचं मुकाट्याने ऐकत होता. यांनी लगेच रेल्वेच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, ते म्हणाले आज गाडीवर चढायचं नाही. मग ड्युटी लावतात तिथे कळवलं. थोडी बोलणी बसली, पण दुसऱ्या ड्रायव्हरची सोय झाली.

घरी आले तरी माझी धुसफूस चालूच होती... एका गोळीने काय होतंय एवढं! जेवण झालं, हे परत आडवे झाले. चार वाजून दहा मिनिटांनी मी चहा घेऊन गेले. हाक मारली, ऊं नाही की चूं नाही. शेवटी खांदा धरून गदागदा हलवलं. हे म्हणाले, "जागाच आहे मी..." आणि त्याच श्वासात पुन्हा घोरायला लागले.

कप तसाच हातात धरून पलंगाच्या कडेला बसले आणि ढसाढसा रडले. ती पॅसेंजर तेव्हा नुकतीच सुटली असेल. खिडकीशी बसलेली पोरं, डबे उघडलेल्या बायका... आणि पुढे इंजिनात टक्क जागा असलेला एक माणूस. तो जागा होता, कारण एका बाईने मला गोळी विकली नाही.