रामटेकेवहिनींच्या बादलीतलं लाकूड

रामटेकेवहिनी घरातली प्रत्येक गोष्ट नवऱ्याला विचारून करायच्या, आणि नवरा तर वर्षभर बोलत नव्हता. “आज वांगे करू का भेंडी?” असं विचारून त्या खरंच थांबायच्या. मग “बरं, वांगे,” म्हणून आत जायच्या.

नंदनवन वस्तीत आमच्या दोन घरांची भिंत एकच. रामटेके मिस्त्री हाडाचे सुतार. अर्धांगवायूने उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं, तशी त्यांनी जीभच आवरली. भिंतीकडे तोंड करून ओसरीतल्या खाटेवर पडून राहायचे. घर चालवायला वहिनी दिवसभर ब्लाऊज शिवत. दोन घटका बसायला सवड कुठली!

तेव्हा घरोघरी टीव्ही यायचे होते. मी हौसेने सीताबर्डीहून माशांची काचेची पेटी आणली आणि तिच्यात ठेवायला पारशिवनीजवळच्या नदीकाठावरून पुरात वाहून आलेलं एक मूळ. ते तसंच पाण्यात सोडणार, तोच वहिनींनी हातातून काढून घेतलं.

“असं काहून टाकता भाऊ? लाकडाचं मिस्त्रीले विचारा.”

सडका भाग वहिनींनीच सुरीने खरवडला, मूळ मोठ्या गंजभर पाण्यात उकळलं. पाणी काळं झालं. मग बादलीत, वर दगड ठेवून. रोज सकाळी पाणी बदलायचं आणि त्याआधी, लाकडाचा रंग उतरायचा थांबला का ते विचारायला, बादलीतलं ग्लासभर पाणी मिस्त्रींसमोर नेऊन खाटेजवळ बसायचं. तीन दिवस त्यांनी पाहिलंही नाही. चौथ्या दिवशी कूस वळवून डाव्या हाताने ग्लास उजेडात धरला आणि मान हलवली. नाही! पुढच्या आठवड्यात तर ते उठून बसून वाट बघू लागले.

महिना उलटला. मी कुरकुरायला लागलो. वहिनींचं उत्तर ठरलेलं, “रंग सोडून राहिलं नं भाऊ. मिस्त्री नाही म्हणून राहिले.”

एका सकाळी मागच्या दाराने गेलो, तर बादलीतलं पाणी नितळ, आणि वहिनी मिस्त्रींच्या ग्लासात गाळणीतून कोऱ्या चहाचे चार थेंब सोडताहेत. त्या जराही ओशाळल्या नाहीत.

“लाकूड तुम्हाले दिलं का ते पुन्हा भिंतीकडं तोंड करतीन,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमच्या मासोळ्या थांबतीन नं जी.”

लबाडी करतानाही इतका स्वच्छ चेहरा मी पुढे कुणाचा पाहिला नाही. माझ्या कुरकुरीची मला लाज वाटली. मी गुपचूप त्यांच्यामागे बाहेर गेलो.

मिस्त्रींनी ग्लास उजेडात धरला. माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि सरळ तोंडाला लावला.

“साखर...” शब्द ओढत, अडखळत आला. “साखर काहून नाही टाकली वं?”

वहिनी मटकन खाटेवर बसल्या.

“कधीपासून समजलं जी?”

“पयल्या... दिवसापासून.”

“मग मान काहून हलवत होते?”

मिस्त्रींनी ग्लास खाली ठेवला आणि तोच हात वहिनींच्या हातावर टेकवला.

“तू... जवळ बसत होती नं.”