सालीपुरती सुरी

पहाटे दोडामार्गच्या रबराच्या बागेत चीक काढणारी सुनंदा झाडाच्या सालीवरून सुरी तिरकी ओढत होती. पांढरा चीक ओघळून करवंटीत ठिबकू लागला.

"वरवर कापला तर चीक येणा नाय," ती म्हणाली, "आणि खोल गेला तर लाकडाक लागता. मग थंय गाठ धरता."

माझी धाकटी बहीण शेजारीच उभी होती. सासर सोडून आल्यापासून ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. आज विचारायचंच, म्हणून मी तिला इथे आणलं होतं. पण माणसाची साल किती जाड, हे हाताला कसं कळावं?

सुरी पुन्हा टेकली. मी बहिणीकडे वळले.

"थंडी वाजतेय का गं?" मी एवढंच विचारलं.

करवंटीवरची नजर न हलवता ती म्हणाली, "ताई, मी परत जाणार नाही."